शेपटीवरचे २८ ग्रॅम : दापोली तालुक्यातील एका कुटुंबाच्या विमानछंदाचा प्रकरण अभ्यास

दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या एका कुटुंबाने घरी बांधलेले, रेडिओ-नियंत्रणावर उडणारे विमान मे महिन्यापर्यंत उत्तम उडत होते आणि पावसाळा संपल्यावर दिवाळीत ते पहिल्याच उड्डाणापासून कोसळू लागले. मोटर तीच होती, बॅटरी तीच होती आणि उडवणारा हातही तोच होता. मधले काही महिने विमान घराबाहेर पडलेच नव्हते. त्या काळात घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने त्याची काळजी घेतली होती. विमान कोसळण्याचे कारण त्या काळजीतच दडलेले होते, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहून ठेवण्याजोगे वाटते. एकत्र छंद जोपासणाऱ्या घरात कामे सहज वाटली जातात, परंतु सगळ्यांच्या कामांचा मिळून विमानावर काय परिणाम झाला हे मोजण्याचे काम मात्र कोणाकडेच दिलेले नसते, असे माझे निरीक्षण आहे. मी या कुटुंबाचा शेजारी असून कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार गावाचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही.

कुटुंब आणि विमान

वडील पंपांच्या मोटारी रिवाइंड करून देण्याचा व्यवसाय करतात. मुंबईत शिकत असताना ते एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते आणि विमानांच्या प्रतिकृती बांधण्याची गोडी त्यांना तिथेच लागली. आई एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतात. आजोबांनी उभी हयात होड्या बांधण्यात घालवली. त्यांच्या हातातला रंधा आजही तितकाच सरळ चालतो. थोरली मुलगी नववीत आणि धाकटा मुलगा पाचवीत आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर हे पाचही जण पडवीत एकाच सतरंजीवर बसून कापणे, चिकटवणे, घासणे यांपैकी काही ना काही करत असतात, हे दृश्य आमच्या वाडीला आता सरावाचे झाले आहे.

विमान नवशिक्यांना योग्य अशा पद्धतीचे, म्हणजे धडाच्या वर पंख असलेले होते. पंखांची एकूण लांबी १२०० मिलिमीटर आणि रुंदी सर्वत्र सारखी, २०० मिलिमीटर. धड, पंख आणि शेपटी फोमबोर्डची असून पंखाच्या आत बांबूची कामटी कणा म्हणून घातली होती. तीन सेलची, ११.१ व्होल्टची आणि १८० ग्रॅम वजनाची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी धरून विमानाचे वजन ७८० ग्रॅम भरत असे. गुरुत्वमध्य, ज्याला हा छंद असणारे सगळेच ‘सीजी’ म्हणतात, पंखाच्या पुढच्या कडेपासून ५६ मिलिमीटरवर, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या २८ टक्क्यांवर राखलेला होता. अशा साध्या विमानासाठी तो २५ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान असला की विमान स्वभावाने शांत राहते. वडिलांनी ती जागा बांधणीच्या वेळी दोन बोटांवर विमान तोलून नक्की केली होती. त्यानंतर ती पुन्हा तपासण्याचा प्रसंग आला नाही, कारण विमान उत्तम उडत होते.

जागा आणि वेळ

कोकणात विमान उडवायला मोकळी जागा दोनच प्रकारची मिळते. एक म्हणजे कातळाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आणि दुसरी म्हणजे ओहोटीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. सड्यावर वारा सरळ आणि एकसारखा मिळतो, आजूबाजूला माड नसतात, परंतु उतरताना जांभा दगड विमानाचे पोट आणि शेपटी किसणीसारखी सोलून काढतो. शिवाय उन्हाळ्यात टिटव्या सड्यावर उघड्या जमिनीतच अंडी घालतात, आणि त्या दिवसांत तिथे पाय ठेवायचा नाही असा या घरात आईंचा दंडक आहे, तो मला पूर्णपणे योग्य वाटतो. पुळणीवर वाळू मऊ असल्याने पडलेले विमान बहुधा वाचते. मात्र खारी हवा आणि बारीक रेती मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि सर्व्होच्या, म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या, दात्यांमध्ये शिरते, म्हणून घरी आल्यावर मऊ ब्रशने सफाई केल्याशिवाय विमान ठेवून चालत नाही.

पुळणीवर उडवायचे तर दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा हळू वाहत असतो, पुढे तो पडतो आणि ऊन चढल्यावर समुद्रावरून खारा वारा सुटतो. खारा वारा जोर धरण्याआधीचा वेळ हलक्या विमानाला मानवतो. त्याच वेळी ओहोटी असावी लागते, नाही तर पुळण अरुंद असते. इथे आजोबांचे गणित कामी येते. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, म्हणून सकाळी सातच्या सुमारास ओहोटी. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणून ओहोटी पावणेआठच्या आसपास. तृतीयेला साडेआठच्या सुमारास. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण असल्याने पाणी जितके वर चढते तितकेच दूर मागे हटते आणि ओली, घट्ट, रुंद पुळण मिळते. त्यामुळे दोन्ही पक्षांतील पहिल्या तीन तिथी या कुटुंबाच्या उड्डाणाच्या तिथी ठरून गेल्या आहेत, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्यांच्याभोवती मुलाने निळी वर्तुळे काढलेली असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींची वेगळी व्याख्या आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात जो भाग हिरवा दिसतो तिथे ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. नकाशा बदलत असतो, म्हणून वडील प्रत्येक उड्डाणाच्या आदल्या रात्री तो पाहून घेतात.

घटना

मे महिन्यात एकदा उतरताना विमानाची आडवी शेपटी एका बाजूने फाटली. पाऊस तोंडावर आला होता, त्यामुळे दुरुस्ती सावकाश करायचे ठरले. आजोबांनी फोमबोर्डची शेपटी बाजूला ठेवून पांगाऱ्याच्या लाकडाची चौकट करून दिली. पांगारा हलका आणि कापायला मऊ असतो, सावंतवाडीची पारंपरिक लाकडी खेळणी त्याचीच होत असत. त्यामुळे निवड विचारपूर्वक केलेली होती. वडिलांनी ती चौकट इपॉक्सीने पक्की बसवली. पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड फुगू नये म्हणून आईंनी तिला ऑइल पेंटचे दोन हात दिले. मुलाने उभ्या शेपटीवर रंगीत टेपचे पट्टे आणि स्वतः कापलेले विमानाचे नाव चिकटवले. नवी शेपटी जुनीपेक्षा देखणी आणि मजबूत झाली होती, यात शंका नाही.

पाडव्याच्या सकाळी, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, सगळे पुळणीवर गेले. हातातून सुटताक्षणी विमानाने नाक वर केले. वडिलांनी एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा आडव्या शेपटीचा हलता भाग, खाली दाबला तर ते एकदम खाली झेपावले. सावरायला किंचित ओढले तर पहिल्यापेक्षा अधिक वर चढले, वेग गमावला, डावा पंख टाकला आणि ओल्या वाळूत आडवे पडले. मोडतोड फारशी झाली नाही. वडिलांचे निदान असे होते की पावसाळ्यात मोटरची बैठक हलली असावी आणि मोटर नाकाला वर खेचत असावी. त्यांनी मोटरच्या वरच्या बाजूला दोन वॉशर घालून तिचा रोख थोडा खाली केला. हा तर्क चुकीच्या जातीचा नव्हता. मोटरचा रोख वर असेल तर विमान असेच वागते.

भाऊबीजेला पुन्हा तसेच घडले. या वेळी वडिलांनी बरीच कसरत करून विमान उंच नेले आणि थ्रॉटल पूर्ण बंद केला. मोटर बंद असतानाही विमान नाक वर काढत राहिले, लटपटत राहिले आणि अखेर स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल गमावून, पडले. तिसऱ्यांदा प्रयत्न करण्याची तयारी सुरू झाली तेव्हा आई म्हणाल्या, “आता पुरे. कारण कळल्याशिवाय आज उडवायचं नाही.” वडिलांनी काही न बोलता बॅटरी काढली. या घरात पाचांपैकी कोणीही ‘नको’ म्हटले की उड्डाण होत नाही, हा नियम त्यांनी विमान बांधतानाच केला होता. पाचवीतल्या मुलालाही तो अधिकार आहे. नियम सोपा वाटतो, पण सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, हातात ट्रान्समीटर असताना तो पाळणे किती अवघड असते हे ज्यांनी विमाने उडवली आहेत त्यांना ठाऊक असेल.

कारणाचा शोध

त्या दुपारी मला बोलावणे आले. मुलीने दोन वस्तू पुढे ठेवल्या. पहिली म्हणजे तिने मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण. थ्रॉटल बंद झाल्यावर पंखा जवळजवळ थांबलेला त्यात दिसत होता आणि तरीही नाक वरच जात होते. म्हणजे मोटरचा रोख हे कारण असूच शकत नव्हते. दुसरी वस्तू तिची वही. प्रत्येक उड्डाणानंतर बॅटरी किती वापरली, वारा कुठून होता आणि एलेव्हेटरचे ट्रिम (दांडी मोकळी असताना तो जिथे राहतो ती जुळवणी) कुठे होते हे ती लिहून ठेवत आली होती. मेपर्यंत ट्रिम मध्यावरच होते. पाडव्याच्या पहिल्या उड्डाणात वडिलांनी ते खाली नेत नेत शेवटच्या टोकापर्यंत नेले होते. सरळ उडण्यासाठी विमानाला इतके ‘खाली’ सांगावे लागत असेल आणि तरी ते ऐकत नसेल, तर आधी तोल पाहिला पाहिजे, असे मी सुचवले.

खळ्यात विमान आणले, बॅटरी नेहमीच्या जागी बसवली आणि पंखाखाली ५६ मिलिमीटरवरच्या जुन्या पेन्सिलीच्या खुणांवर मुलीने दोन्ही हातांची एकेक बोटे टेकवून ते उचलले. शेपटी ताबडतोब खाली गेली आणि जमिनीला टेकली. तिने बोटे मिलिमीटर-मिलिमीटर मागे सरकवत नेली. ७७ आणि ७८ च्या दरम्यान विमान आडवे स्थिरावले. पंखाच्या रुंदीच्या हिशेबाने गुरुत्वमध्य २८ टक्क्यांवरून सुमारे ३९ टक्क्यांवर गेला होता. इतका मागे गेलेला तोल असलेले विमान स्वतःहून सावरत नाही. वाऱ्याच्या झुळकेने नाक किंचित वर झाले तर ते परत खाली येण्याऐवजी आणखी वर जाते आणि वैमानिकाची प्रत्येक दुरुस्ती गरजेपेक्षा मोठी ठरते. पुळणीवर दिसलेली सगळी लक्षणे त्यात बसत होती.

येथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसमध्ये पिळलेल्या रबरावर उडणारे छोटे विमान दाखवले, ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याचे महत्त्व अंतरात नव्हते. कोणी नियंत्रित करत नसताना ते सरळ उडाले, कारण पेनोने मागे छोटी आडवी शेपटी आणि तोल पुरेसा पुढे, अशी रचना केली होती. याच पेनोच्या धर्तीवरचे रबरावर फिरणारे एक खेळणे १८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांना, विल्बर आणि ऑर्व्हिल यांना, आणून दिले होते. शेपटी आणि तोल यांचे हे नाते समजून घेतले की अशा विमानाच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो, आणि वडिलांनी मुलांच्या हातात दिलेल्या खेळण्यापासून ते समजायला सुरुवात होऊ शकते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता प्रश्न उरला की तोल हलला कशाने. मुलीने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. जुनी फोमबोर्डची शेपटी आजोबांनी टाकून दिलेली नव्हती, त्यामुळे तुलना करता आली. उरलेल्या लाकडाचा तुकडा, रंगाचा एक हात दिलेली पट्टी, टेपची गुंडाळी असे एकेक मोजून तिने वहीत चार ओळी लिहिल्या : लाकूड १२, इपॉक्सी ५, रंग ८, टेप ३. बेरीज २८ ग्रॅम. ७८० ग्रॅमच्या विमानात ही वाढ नगण्य वाटते आणि धडाच्या मध्यावर झाली असती तर ती नगण्यच ठरली असती. परंतु शेपटी गुरुत्वमध्यापासून ६२० मिलिमीटर मागे आहे. २८ गुणिले ६२० म्हणजे १७,३६० ग्रॅम-मिलिमीटर इतका कल मागच्या बाजूला वाढला. त्याला एकूण ८०८ ग्रॅम वजनाने भागले की गुरुत्वमध्य साडेएकवीस मिलिमीटर मागे सरकल्याचे उत्तर मिळते. बोटांवर मिळालेले माप आणि कागदावरचे माप जुळले तेव्हा मुलीचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

त्यानंतरची काही मिनिटे मात्र कोणी बोलेना. वहीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यासमोर आजोबांचे काम होते आणि ते मोठ्याने कोण म्हणणार, हा प्रश्न होता. आजोबांनी स्वतःच वही जवळ ओढली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “होडीचा मागचा भाग जड झाला की पुढची नाळ वर येते आणि वारा तिला फिरवतो. मग सुकाणू कितीही मारा. हे तेच झालं रे.” होडीत ही चूक ते स्वतः कधी होऊ देणार नाहीत, निरम, म्हणजे होडीतले तोलाचे वजन, कुठे ठेवायचे हे त्यांना अंधारातही कळते, पण विमान त्यांच्यापुढे शेपटीपुरतेच आले होते. रंग देणाऱ्या आईंपुढे चौकट आली होती, मुलापुढे मोकळी जागा आली होती, आणि वडिलांपुढे तयार वस्तू आली होती. संपूर्ण विमान मे महिन्यानंतर कोणापुढेच आले नव्हते. प्रत्येकाने चांगलेच काम केले होते आणि प्रत्येकाचे काम विमानाच्या सर्वांत लांबच्या टोकावर जमा होत गेले होते.

दुरुस्ती

पहिला उपाय वडिलांनी सुचवला, तो म्हणजे नाकात शिसे घालणे. मुलीने हिशेब केला. बॅटरी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर पुढे सरकू शकत होती. त्याने १८० गुणिले ४०, म्हणजे ७,२०० ग्रॅम-मिलिमीटरची भरपाई होत होती. उरलेल्या १०,१६० साठी गुरुत्वमध्यापासून २०० मिलिमीटर पुढे असलेल्या नाकात सुमारे ५१ ग्रॅम शिसे लागले असते आणि विमान ८५९ ग्रॅमचे झाले असते. ते उडाले असते, पण अधिक वेगाने उडावे आणि उतरावे लागले असते, आणि शिकणाऱ्या मुलांसाठी विमान हळू असणे हीच तर त्याची खरी किंमत होती. शेपटीवर चुकून आलेले वजन तसेच ठेवून त्याच्या समोर दुसरे वजन टांगणे मला कधीच पटलेले नाही, आणि इथे तशी गरजही नव्हती.

आजोबांनी शेपटी पुन्हा हाती घेतली. पांगाऱ्याच्या पट्ट्या त्यांनी निम्म्याहून अधिक तासल्या आणि मधल्या फळीला खिडक्या पाडल्या. प्रत्येक वेळी तुकडा काट्यावर ठेवून नातीला आकडा विचारत होते. लाकडाची वाढ १२ वरून ४ ग्रॅमवर आली. इपॉक्सी फक्त सांध्यांवर लावली, ती १ ग्रॅम. ऑइल पेंट खरवडून आईंनी पातळ वॉर्निशचा एकच हात दिला, तो २ ग्रॅम. मुलाच्या पट्ट्यांबाबत बोलणी थोडी लांबली. शेवटी नाव धडावर, पंखाखाली नेण्यात आले आणि शेपटीवर १ ग्रॅमची एकच पट्टी राहिली. एकूण वाढ ८ ग्रॅम; ती सावरायला बॅटरी २८ मिलिमीटर पुढे सरकवणे पुरेसे झाले. मोटरचे वॉशर काढून टाकले. विमान ७८८ ग्रॅमवर आले आणि पेन्सिलीच्या जुन्या खुणांवर, नाक किंचित खाली ठेवून, आडवे स्थिरावले.

पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी ते पुन्हा पुळणीवर उडाले. ट्रिम मध्यावर होते. वडिलांनी उंची गाठल्यावर दोन्ही दांड्यांवरून बोटे काढली आणि विमान आपले आपण सुरूच्या बनाला समांतर सरळ जात राहिले. समुद्रावरून एक ब्राह्मणी घार वळून जवळ आली तेव्हा मुलाने हाक दिली आणि वडिलांनी विमान खाली घेतले. पक्षी आला की आकाश त्याचे, हा या घराचा आणखी एक नियम.

घरात झालेले बदल

तेव्हापासून विमानाच्या धडात, बॅटरीच्या झाकणाखाली, एक पुठ्ठ्याची चिठ्ठी असते. तिच्यावर तारीख, एकूण वजन आणि तोलाची जागा लिहिलेली असते. कोणीही, कोणतेही काम केले, अगदी टेपचा तुकडा लावला तरी त्याच व्यक्तीने विमान पुन्हा तोलायचे आणि चिठ्ठीवर नवा आकडा लिहायचा. तोलणे हे वैमानिकाचे काम राहिलेले नाही. मला हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजोबा आणि मुलगा दोघेही आता विमानाकडे शेपटीपुरते किंवा रंगापुरते पाहत नाहीत. ते अख्खे विमान उचलून दोन बोटांवर धरतात.

दुसरा बदल ट्रान्समीटरचा झाला. तोवर तो बहुतांशी वडिलांच्याच हातात असे. आता दुसरा ट्रान्समीटर जोडून मुलगी उडवते आणि वडील एका स्विचवर बोट ठेवून उभे असतात. गरज पडली की नियंत्रण क्षणात त्यांच्याकडे येते. तिच्या हातात वडिलांपेक्षा अधिक संयम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि ते मी वडिलांना सांगितलेलेही आहे. आई उडवत नाहीत. पण हातातून विमान सोडण्याचे काम त्यांचेच आहे, आणि सोडण्याआधी एलेव्हेटर, रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग), एलेरॉन (पंखांचे हलते भाग) यांची दिशा त्या मोठ्याने बोलून तपासतात. पावसाळ्यात बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून कोरड्या डब्यात ठेवण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली आहे.

एका गोष्टीवर घरात अजून एकमत नाही. आजोबांना पुढचे विमान पूर्णपणे पांगारा आणि बांबूचे, फोम न वापरता बांधायचे आहे आणि त्यासाठी त्यांनी परसातली एक वाळलेली फांदी चिरून सावलीत रचून ठेवली आहे. वडिलांच्या मते अशा विमानाचे वजन एक किलोच्या खाली राहणार नाही. मुलीने त्या लाकडाचे सारख्या मापाचे तुकडे कापून वजन करायला घेतले आहे. लाकूड पुरते वाळेपर्यंत तिने दर आठवड्याला वजन लिहून ठेवायचे आणि ते घटायचे थांबले की मगच आराखडा काढायचा, असे तूर्त ठरले आहे.